गळती कोणाच्या खात्यावर?

नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुडा पट्ट्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या बाजूला वस्त्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. एस.टी. मुख्य रस्त्याने जाते, पाड्यापर्यंत चढत नाही. आजाऱ्याला आरोग्य केंद्रात पोचवायचे असो, रेशनचे धान्य आणायचे असो, की सुट्टी संपल्यावर मुलाला आश्रमशाळेत सोडायचे असो, या साऱ्याचा भार ज्या वाहनावर पडतो ते बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेले, दहा-पंधरा वर्षे वापरलेले, कार्ब्युरेटरचे दुचाकी वाहन असते. या वाहनातून पेट्रोल गळते, दुरुस्त करून घेतले की महिना-दोन महिने थांबते आणि पुन्हा गळू लागते, ही तक्रार शहादा-तळोद्याच्या गॅरेजांतून सध्या वारंवार ऐकू येते. वरवर पाहता हा प्रश्न पाना-पेचकसाचा आहे. राजकीय साप्ताहिकाच्या मतपृष्ठावर त्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु ही गळती पुनःपुन्हा का होते याचा शोध शेवटपर्यंत नेला, तर तो गॅरेजात संपत नाही. तो देशाच्या इंधनधोरणापर्यंत आणि त्या धोरणाचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकला गेला आहे या प्रश्नापर्यंत जाऊन पोचतो.

प्रथम यंत्राची बाजू समजून घेऊ. जुन्या मोटारसायकलीत पेट्रोल टाकीतून केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. टाकीखालच्या कॉकमधून रबरी नळीवाटे ते कार्ब्युरेटरच्या वाटीत उतरते. या वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. पेट्रोल ठरावीक पातळीला पोचले की फ्लोट वर उचलला जातो आणि एका बारीक नीडलला तिच्या बैठकीवर दाबून प्रवाह बंद करतो. संडासाच्या टाकीतील बॉलकॉकचेच हे लहान रूप होय. या मार्गावर गळतीच्या जागा मोजक्याच आहेत : कॉकची पॅकिंग, नळीची दोन टोके, वाटीचे पॅकिंग आणि नीडल. नीडल नीट बसली नाही तर पेट्रोल वाटी भरून ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकते. काही वेळा ते आतल्या वाटेने सिलिंडरमध्ये आणि तेथून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, आणि मग शे-दोनशे रुपयांच्या दोषापायी इंजिनाच्या कामाचा हजारोंचा खर्च उभा राहतो. तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकणाऱ्या पेट्रोलचा धोका तर वेगळा सांगण्याची गरजच नाही.

जाणता मेकॅनिक लगेच सुटा भाग बदलत नाही. तो आधी सर्व भाग कोरडे पुसतो, कॉक बंद ठेवून काही वेळ पाहतो, मग उघडून पाहतो. कॉक बंद असतानाही ओल येत असेल तर दोष कॉकच्या वरच्या बाजूला. उघडल्यावर जोडावर ओल दिसली तर नळी किंवा पॅकिंग. आणि ओव्हरफ्लोमधून थेंब आला तर नीडल किंवा फ्लोट. येथवरचे निदान सोपे आहे. खरी कसोटी पुढे लागते. नीडल बदलल्यावर गळती थांबली आणि दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाली, तर नवी नीडल खराब निघाली असे म्हणून तिसरी बसवणे हा अडाण्याचा उपाय झाला. शहाणा कारागीर विचारतो, की नव्या भागाला एवढ्या लवकर खराब करणारे असे काय आहे? टाकी गंजली असेल, त्या गंजाचे कण नीडलच्या बैठकीत अडकत असतील. किंवा रबर ज्या द्रवात बुडलेले आहे, तो द्रवच बदललेला असेल.

आणि द्रव खरोखरच बदललेला आहे. २०१३-१४ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठेवले. २०२२ मध्ये ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणले गेले. त्याच वर्षी १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथे २० टक्के मिश्रणाच्या, म्हणजे ई-२० पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ झाला आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. एवढ्या अल्पावधीत एवढे मोठे इंधनांतर अन्य देशांनी क्वचितच केले असेल. ही कार्यक्षमता नाकारण्याचे कारण नाही. पण पंपावर जाणाऱ्या ग्राहकाला या काळात एकदाही विचारण्यात आले नाही, की तुझे वाहन कोणत्या सालचे आहे?

इथेनॉलचे तीन गुणधर्म येथे महत्त्वाचे आहेत. जुन्या वाहनांत सर्रास वापरले गेलेले साधे नायट्राइल रबर इथेनॉलच्या मिश्रणात फुगते, मऊ पडते आणि कोरडे झाल्यावर आक्रसून कडक होते. अशा रबराचे पॅकिंग जोड धरून ठेवू शकत नाही. दुसरे, इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, दमट हवेत, अर्धवट भरलेल्या टाकीत हा दोष वाढतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते आणि टाकीचा पत्रा आतून गंजवते. पंपापासून कोसांवर असलेल्या पाड्यांत बाटलीतून विकले जाणारे पेट्रोल किती दिवस आणि कसे साठवलेले असते, याचा विचार या संदर्भात करावा. तिसरे, इथेनॉल जुन्या टाकीत साचलेला चिकट थर सोडवते. तो थर आणि गंजाचा चुरा खाली येऊन नीडलच्या तोंडाशी बसतो. म्हणजे मेकॅनिकने बदललेला भाग ज्या तीन कारणांनी पुन्हा बिघडू शकतो, ती तिन्ही कारणे या इंधनाने बळावतात. प्रत्येक गळतीमागे इथेनॉलच आहे असे म्हणणे अर्थातच अशास्त्रीय ठरेल. पंधरा वर्षांचे रबर कोणत्याही पेट्रोलमध्ये तडकते आणि बाजारात नकली सुट्या भागांचा सुकाळ आहे. परंतु जुने दुखणे ज्याने वाढते, त्याला निर्दोष म्हणता येत नाही.

मौजेची बाब अशी की शासनाने हे नाकारलेलेच नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खुलाशात आधी असे सांगितले, की एक लाख किलोमीटरपर्यंत घेतलेल्या चाचण्यांत वाहनांच्या शक्तीत व कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. आणि त्याच खुलाशात पुढे असेही म्हटले, की काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलणे इष्ट ठरेल. हा बदल स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज करता येतो. सारा प्रश्न या ‘स्वस्त’ शब्दात दडलेला आहे. स्वस्त कोणाला? आणि नेहमीचे सर्व्हिसिंग कोणाचे? ज्याच्या गाडीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे पुस्तक आहे, त्याला ही गोष्ट खरोखरच किरकोळ आहे. मोलगीच्या माणसाला मात्र अक्कलकुव्याला किंवा तळोद्याला गाडी न्यावी लागते, दिवसाची मजुरी बुडते, मिळेल तो सुटा भाग घ्यावा लागतो आणि तो ई-२० ला टिकणारा आहे की नाही हे त्याला सांगणारी खूण त्या भागावर सहसा नसते. न टिकणारा भाग दोन महिन्यांनी पुन्हा गळतो. गळती ‘पुन्हा पुन्हा’ होण्याचे अर्थशास्त्र ते हेच.

याला इंधनाच्या वाढत्या खपाची जोड द्यावी लागेल. आकारमानाने पाहता इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच असे नमूद आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींची इंधनक्षमता ई-२० वर तीन ते चार टक्क्यांनी घटेल. तशाच चारचाकींची घट सहा ते सात टक्के असेल. दररोज एक लिटर पेट्रोल जाळणाऱ्या माणसाचा हिशेब करू. शंभर रुपये लिटरचा भाव धरला, तर ही घट दिवसाला तीन ते चार रुपयांची आणि तीनशे दिवसांची नऊशे ते बाराशे रुपयांची होते. त्यात गळतीच्या दोन-तीन दुरुस्त्या आणि बुडालेली मजुरी मिळवा. ज्या जिल्ह्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात बहुआयामी दारिद्र्यात मोडत होती, त्या जिल्ह्यात ही रक्कम क्षुल्लक नव्हे.

येथे डॉ. राममनोहर लोहियांनी १९६३ साली लोकसभेत घातलेल्या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. देशातील बहुसंख्य माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे ते म्हणाले. सरकारपक्षाने सरासरी काढून पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. त्या वादाचे सार आकड्यांपुरते नव्हते. सरासरीच्या आड शेवटचा माणूस दिसेनासा होतो, हे ते सार होते. आज मंत्रालय जेव्हा ‘लक्षणीय फरक नाही’ असे म्हणते, तेव्हा ती प्रयोगशाळेतील सुस्थितीत ठेवलेल्या वाहनाची सरासरी असते. सातपुड्याच्या घाटात तिघांना घेऊन पहिल्या गिअरवर चढणाऱ्या, गंजलेल्या टाकीच्या वाहनाचे तिच्यात स्थान नाही.

के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक परिव्ययावरील आपल्या ग्रंथात एक मूलभूत विचार मांडला. उत्पादक आपल्या ताळेबंदातून जे खर्च वगळतो ते नाहीसे होत नाहीत. ते दुर्बलांच्या खात्यावर ढकलले जातात. कॅपने हे कारखान्यांच्या धुराविषयी आणि नद्यांच्या प्रदूषणाविषयी लिहिले होते. परंतु शासनाचा कार्यक्रमही याच रीतीने चालू शकतो. या कार्यक्रमाच्या जमेच्या बाजू शासन अभिमानाने सांगते. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत एक लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलनाची बचत झाली. २० टक्के मिश्रणामुळे केवळ २०२५ या एका वर्षात ४३ हजार कोटींची बचत आणि शेतकऱ्यांना ४० हजार कोटींचे प्रदान अपेक्षित आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे. हे आकडे आपण जसेच्या तसे मान्य करू. आखाती देशांवरील अवलंबन कमी व्हावे, उसाला आणि मक्याला भाव मिळावा, हे समाजवाद्यांनाही हवेच आहे. ज्या राज्यात १९५० साली धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या राज्यातील समाजवाद्याला कारखानदारी टिकण्याचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. आक्षेप जमेच्या बाजूवर नाहीच. ताळेबंदाचे दुसरे पान कोरे ठेवले गेले, हा आक्षेप आहे.

नंदुरबारच्या बाबतीत हे कोरे पान अधिकच बोचते. या जिल्ह्यात शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला आणि नवापूर तालुक्यात डोकारे येथे साखर कारखाने उभे राहिले. परंतु येथील आदिवासींचा उसाशी मोठा संबंध येतो तो मालक म्हणून नव्हे, कोयता धरणारा मजूर म्हणून. दिवाळीनंतर सातपुड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातात. लहान मुले बरोबर जातात, शाळा सुटते. त्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होते. वाढीव भावाचा लाभ ऊस-उत्पादकाला होतो, आसवनीला होतो, चलनबचतीचा लाभ राष्ट्राला होतो. आणि तोडणी करणारा जेव्हा होळीला परत येतो, आपली जुनी मोटारसायकल काढतो, तेव्हा त्याच्या वाट्याला गळकी नीडल येते. एकाच वस्तूच्या दोन टोकांना तो उभा आहे आणि दोन्ही टोकांना तो देणेकरी आहे.

हे टाळता आले नसते का? इतर देशांनी टाळले आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण केले, परंतु जुन्या वाहनांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल वरच्या प्रतीत चालू ठेवले आणि आपले वाहन नव्या इंधनाला चालते की नाही हे पाहण्याची सोय नागरिकांना करून दिली. जर्मनीने २०११ साली १० टक्क्यांचे पेट्रोल आणताना पाच टक्क्यांचे काढून टाकले नाही. ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते. तेथे इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७५ साली सुरू झाला आणि कोणत्याही मिश्रणावर चालणारी वाहने २००३ पासून बाजारात आली. म्हणजे वाहने आणि इंधन यांना एकमेकांशी जुळण्यास कित्येक दशके मिळाली. आपल्याकडे ई-२० ला टिकणाऱ्या साहित्याची वाहने एप्रिल २०२३ पासून निघू लागली आणि दोन-अडीच वर्षांत पर्यायी पेट्रोल पंपांवरून जवळजवळ नाहीसे झाले. जुन्या वाहनांसाठी १० टक्क्यांचे पेट्रोल उपलब्ध राहावे, ही अपेक्षा खुद्द नीती आयोगाच्या आराखड्यात होती. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा मार्ग खुंटला, त्यामुळे हा प्रश्न आता शुद्ध राजकीय झाला आहे. तो लोकांमध्ये जाऊनच सोडवावा लागेल.

यावर दोन प्रतिवाद संभवतात. एक असा, की जुनी वाहने मोडीत काढावी, नवी घ्यावी. हा सल्ला देणाऱ्याने सातपुड्यात नवी दुचाकी हप्त्याने घेणाऱ्या कुटुंबाचा सावकारी हिशेब पाहावा. शिवाय १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-सहाचे निकष आल्यावर कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आली. ते तंत्र स्वच्छ आहे हे खरे, परंतु त्याची दुरुस्ती संगणकाविना होत नाही. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो त्याची मालकी आणि दुरुस्ती सामान्य माणसाच्या हाती राहावी म्हणून. झाडाखाली बसून पान्याने उघडता येणारा कार्ब्युरेटर हा त्या अर्थाने गरिबाच्या स्वावलंबनाचा भाग आहे. त्याला पर्याय दिल्यावाचून मोडीत काढणे ही प्रगती नव्हे.

दुसरा प्रतिवाद असा, की प्रत्येक पंपावर दोन प्रकारचे पेट्रोल ठेवायचे तर दुहेरी टाक्या लागतील, खर्च वाढेल. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच आमची मागणी प्रत्येक पंपावर दुसरी टाकी, अशी नाही. डोंगरी तालुक्यांत निदान एकेका पंपावर १० टक्क्यांचे पेट्रोल ठेवणे अशक्य नाही. तेही कंपन्यांना जड वाटत असेल, तर वाहनच नव्या इंधनाला लायक करून देण्याचा खर्च कार्यक्रमाने उचलावा. समजा, एका जुन्या दुचाकीची नळी, पॅकिंग, ओ-रिंग आणि नीडल हे इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरोकार्बन रबराचे वा तत्सम साहित्याचे बसवण्यास मजुरीसह पाचशे रुपये लागले. पाच कोटी दुचाकींना हा संच एकदा द्यायचा झाला तरी २,५०० कोटी रुपये होतात. मंत्रालयाने सांगितलेल्या एका वर्षाच्या चलनबचतीच्या सहा टक्क्यांच्या आत हा आकडा राहतो. ज्याला मंत्रालय ‘स्वस्त’ म्हणते, ते मंत्रालयानेच द्यावे, एवढीच ही साधी गोष्ट आहे. हे काम करण्यासाठी नवे खाते काढण्याचीही गरज नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणारी मुले आहेत. आठवडे बाजाराच्या दिवशी शिबिर लावावे, टाकी धुवावी, संच बसवावा, मुलांना विद्यावेतन द्यावे. जोडीला दोन गोष्टी कायद्याने व्हाव्यात : ई-२० ला टिकणाऱ्या प्रत्येक सुट्या भागावर ठळक खूण, आणि कमी ऊर्जेच्या पेट्रोलला त्या प्रमाणात कमी भाव. इथेनॉलचा खरेदीदर वाढला म्हणून भाव उतरवता येत नाही, असे शासन सांगते. मग तो बोजा करातून सोसावा. ज्याला कमी माल मिळतो त्याच्याकडून पूर्ण दाम घेऊ नये.

या मागण्या पुराव्यावाचून टिकणार नाहीत. शासनाकडे प्रयोगशाळेचे आकडे आहेत. आपल्याकडे गावचे आकडे हवेत. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आपल्या ओळखीच्या गॅरेजात एक साधी वही ठेवावी. गळतीसाठी आलेल्या प्रत्येक दुचाकीची नोंद करावी : वाहनाचे साल, पेट्रोल पंपावरचे की बाटलीतले, कोणता भाग बदलला, तो किती महिन्यांपूर्वी बदलला होता, खर्च किती आणि मजुरी किती दिवसांची बुडाली. मालकाचे नाव लिहिण्याचे कारण नाही. पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे महिने वेगळे मांडावेत. नव्या वाहनांच्या नोंदीही घ्याव्यात, म्हणजे तुलना करता येईल आणि इथेनॉलवर नसता दोष येणार नाही. एका वर्षाच्या अशा नोंदी सहा तालुक्यांतून आल्या, तर त्या घेऊन ग्रामसभेत ठराव करता येतील, जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येईल आणि विधिमंडळात प्रश्न विचारता येईल. दुरुस्तीला बसण्याआधी मेकॅनिक गाडी पुसून कोरडी करतो आणि थेंब कोठून येतो ते पाहतो. धोरणाच्या बाबतीत ते काम शासनाने केलेले नाही. ते आपण या पावसाळ्याआधी सुरू करावे.